अम्मांच्या टाचेतला पू

पेठ वडगाव
४ ऑगस्ट १९७४

जुलेखा आपा,

सलाम. हे पत्र जेवणाच्या आधी वाचू नकोस.

माझ्या सासूच्या टाचेत खिळा घुसला. आमच्या अत्तराच्या दुकानामागच्या खोलीत मलिकाचे अब्बा बाटल्यांची लाकडी खोकी फोडत होते, त्यातला एक उलटा पडलेला. अम्मांनी कुणाला सांगितलं नाही. तुला त्या ठाऊक आहेत. तांब्या तीनदा राखेनं घासल्याशिवाय पाणी पीत नाहीत, कानात रोज नवा अत्तराचा फाया, दाराशी कुणी थुंकलं तर दोन बादल्या पाणी ओतणार. अशा बाईनं आठ दिवस टाचेला हळद-तेल लावून चिंधी बांधली आणि लंगडत घरभर फिरल्या. परवा ती टाच फुटली.

मी तिथंच भाजी निवडत होते. आधी पिवळं पाणी आलं, मग घट्ट, नासलेल्या दुधासारखं, हिरवट. चिंधी ओढली तर तिच्याबरोबर कातडं आलं. आमच्या घरात चोवीस तास गुलाब आणि हिना दरवळतो. त्यात हा वास मिसळला आणि दोन्ही एकमेकांत असे मुरले की आता मला हिन्याचा वाससुद्धा सोसत नाही.

इथल्या डॉक्टरांनी चिरा देऊन टाच धुतली, इंजेक्शन दिलं आणि पट्टी रोज घरी बदला म्हणाले. मलिकाचे अब्बा म्हणाले, "बाईमाणसाचं काम हाय, तूच कर." म्हणजे त्यांच्या आईचा पाय माझ्या वाट्याला आला. सकाळी नाकाला पदर बांधते आणि बसते. कापूस टाचेतल्या भोकात घालायचा, फिरवायचा, बाहेर काढायचा. तो जड होऊन बाहेर येतो. नंतर पाच वेळा साबणानं हात धुते, तरी पीठ मळताना बोटांना तोच वास येतो. काल मलिकाला भरवायला गेले आणि माझंच जेवण वर आलं.

तू पॅथॉलॉजीत रोज असलंच बघतेस. माणसाच्या अंगात ही घाण तयार तरी कशी होते? हा पू बंद करायचं काही औषध आहे का? तू ये असं म्हणत नाही. तू का येत नाहीस ते मी विसरलेले नाही.

तुझी
शहाजादी

---

कोल्हापूर
८ ऑगस्ट १९७४

प्रिय शहाजादी,

बरं झालं, तू विसरलेली नाहीस. मीही नाही. मलिकाच्या बारशाला दोन वर्षं होतील. मी तुमच्या माठातून पाणी घेतलं आणि तुझ्या सासूनं सगळ्यांसमोर माठ अंगणात ओतला. "लोकाचं हागणं-मुतणं तपासणारा हात माझ्या पाण्यात नको." ते वाक्य मला तोंडपाठ आहे. त्यामुळं त्यांच्या टाचेत काय साठलं हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहीत नाही. दुसऱ्यांदा जे वाटलं ते लिहिते.

पू बंद करायचं औषध मागू नकोस. आपण मटणाची नळी फोडून मगज चोखतो ना, तसाच मगज आपल्याही हाडांत असतो. रक्तातल्या पेशी तिथं जन्माला येतात. त्यांत काही पांढऱ्या. खिळ्याबरोबर जंतू आत गेले की या पांढऱ्या पेशी रक्तातून उतरतात, शिरेच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर निघतात आणि जंतूंपर्यंत पोचतात. त्यांना तोंड नाही, दात नाहीत. जंतूच्या दोन्ही बाजूंनी स्वतःचं अंग पुढं काढतात, त्याला वेढतात आणि आत घेतात. आत गेलेला जंतू त्यांच्या पोटातल्या रसात मरतो, विरघळतो. खाऊन खाऊन त्याही मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले आणि अर्धमेले जंतू, सडलेलं मांस यांचा लगदा म्हणजे पू.

आमच्या डॉक्टरांनी एकदा कोमट काचेवर जिवंत थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकातून दाखवला होता. बिनशंखाच्या गोगलगाईसारखी ती पेशी सरपटत गेली आणि एका जंतूवर पसरली. मला शिसारी आली. अजूनही येते. आपल्या अंगात हे चाललेलं असतं, आणि ते चालतं म्हणून आपण जगतो, हे मला माहीत आहे. माहीत असल्यानं शिसारी कमी होत नाही.

पाणी उकळून गार करून घे, त्यात मीठ घाल. कापूस एकदा वापरला की जाळ. हात आधीही धू, नंतरही धू. तुझ्या रफिकना म्हणावं, पुढच्या खेपेला मालासाठी कोल्हापूरला येताना स्वच्छ उकळलेल्या बाटलीत थोडा पू आणि थोडी लघवी आणा. मी बघते. हे अम्मांसाठी नाही, तुझ्यासाठी.

आपा

---

पेठ वडगाव
१९ ऑगस्ट १९७४

जुलेखा आपा,

सलाम. तुझ्या पत्रानं माझी नळी सुटली. शुक्रवारी रस्सा केला होता, मलिकाच्या अब्बांनी हाड ताटावर आपटलं आणि मला ती गोगलगाय आठवली. उठून मोरीत गेले.

बाटली ते घेऊन येतील. ती भरायचं काम अर्थात माझं. टाच दाबावी लागली. अम्मा दात आवळून बसल्या होत्या, पण माझ्या तोंडाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "पदर काढ त्यो नाकावरचा. मी मेल्यागत वास मारतोय व्हय गं?" मी पदर काढला नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या भनीचं काम आता तुझ्या घरात आलं." दुखतंय म्हणून बोलतात की मुळातच तशा आहेत, मला आता कळेनासं झालंय.

दिवसभर कण्हतात. टाच दुखते, जोडीला गुडघे. एकसुरी, दळण दळल्यासारखं कण्हणं. घरात कुठंही जा, ते पाठोपाठ येतं. ज्ञानू कंपाउंडरनं दुखण्याच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आहेत, डॉक्टरांनी लिहिलेल्या. दिल्या की दुपारभर तरी घर गप्प होतं.

शहाजादी

---

कोल्हापूर
२४ ऑगस्ट १९७४

प्रिय शहाजादी,

रफिक येऊन गेले. लघवीत साखर नाही, ही चांगली गोष्ट. पू मी स्वतः काचेवर पसरून रंगवला. घोसाघोसानं जांभळे जंतू, आणि त्यांच्याभोवती गुलाबी पेशींची खच्चून गर्दी. एका पेशीत मी अकरा जंतू मोजले. तिचं अंग फुटायला आलं होतं, तरी बारावा कडेला चिकटलेला. अम्मांच्या हाडांतला मगज दणकून काम करतोय. टाच भरायला वेळ लागेल, पण भरेल.

तू मोरीत गेलीस त्याची लाज वाटून घेऊ नकोस. मी या नोकरीला लागले तेव्हा पहिला महिना चहावर काढला. थुंकीच्या डब्या मोजायच्या, त्यांची झाकणं उघडायची, काडीनं तार ओढायची. अम्मीला सांगितलं नाही, कारण तिनं नोकरी सोडायला लावली असती. एकदा एका म्हातारबाबांची डबी माझ्या हातातून सांडली, मनगटावर. मी तिथंच रडले. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "किळस राहू दे, हात थरथरू देऊ नका." तेवढंच जमलंय मला इतक्या वर्षांत.

म्हणून तुझ्या सासूनं माठ ओतला ते इतकं लागलं. मला स्वतःलाच जे वाटायचं, ते त्या चारचौघांत बोलल्या.

दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस दे.

आपा

---

पेठ वडगाव
७ सप्टेंबर १९७४

जुलेखा आपा,

सलाम. आनंदाची गोष्ट आधी. पू बंद झाला. एकदम. चार दिवस झाले, कापूस कोरडा बाहेर येतो. मी अल्लाचे किती आभार मानले तुला सांगू. जखमेचं तोंड उघडंच आहे, कडा राखाडी दिसतात, पण आत पिवळं काही नाही. सूज उतरली, लाली गेली. आता मी पदर न बांधता पट्टी करते.

फक्त अम्मांना ताप आहे. हवेचा असेल, पाऊस थांबायला तयार नाही. हुडहुडी भरून येतो, अंगाला हात लावला तर चटका बसतो. घसा धरलाय. तोंडात आणि हिरड्यांवर पांढरे फोड आलेत, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. तोंडाला घाण वास येतो, पण टाचेपुढं ते काहीच नाही. तापासाठीही त्याच पांढऱ्या गोळ्या देते, ज्ञानू म्हणाला चालतात. कण्हायचं बंद झालंय. नुसत्या पडून असतात. मलिकाला परवा ओळखलं नाही, पण झोपेत होत्या.

मला वाटतं या आठवड्यात घर पूर्वीसारखं होईल.

शहाजादी

---

कोल्हापूर
९ सप्टेंबर १९७४, दुपार

शहाजादी,

वडगावच्या गाडीवरचे कंडक्टर केरबा ही चिठ्ठी हातात देतील. वाचलीस की लगेच उठ.

त्या गोळ्या या क्षणापासून बंद. एकही द्यायची नाही. ताप कितीही असो.

अम्मांना आजच कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात आणा. रफिकना दुकान बंद करायला सांग, मोटार करा. उद्यावर टाकू नका. गोळ्यांचं पाकीट बरोबर पाठव.

जंतू गेले म्हणून पू थांबला असं नाही. गिळणाऱ्या पेशी यायच्याच थांबल्यात. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन.

आपा

---

कोल्हापूर
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय शहाजादी,

तू मलिकाला घेऊन तिथंच थांबलीस ते योग्य केलंस. अम्मांना वेगळ्या खोलीत ठेवलंय, कुणाला सोडत नाहीत. मी रोज दोनदा जाते, तोंडाला फडकं बांधून. त्यांच्यापासून मला काही होऊ नये म्हणून नाही. माझ्या श्वासातलं काही त्यांना लागू नये म्हणून.

रक्त मी स्वतः मोजलं. पांढऱ्या पेशी सहा-सात हजार असाव्यात, त्यांच्या नऊशे आहेत. शंभर मोजल्या की साठ तरी गिळणाऱ्या निघायला हव्यात. मी दोन तास काच सरकवत बसले. दोन सापडल्या. टाचेतून पुसून घेतलेला थेंबही बघितला. जंतूच जंतू, जांभळे, पटांगणात सुटल्यासारखे, आणि त्यांना अडवायला कुणी नाही. इतका स्वच्छ दिसणारा आणि इतका भयंकर नमुना मी आजवर पाहिला नव्हता.

काल डॉक्टरांनी छातीच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढला. अम्मा ओरडल्या नाहीत, ताकद नव्हती. मगजात त्या पेशींची पिलावळच नाही. डॉक्टर म्हणतात, हे गोळ्यांनी झालंय. हजारो माणसं त्या घेतात आणि काही होत नाही, एखाद्याचा मगज बसतो. गोळ्या थांबल्यात, आता जंतू मारायच्या सुया चालू आहेत. मगज पुन्हा उठेल की नाही हे आठ-दहा दिवसांत कळेल. तोवर एखादा जंतू रक्तात शिरला तर आपल्या हातात काही नाही.

त्यांनी विचारलं, गोळ्या किती दिवस चालू होत्या? रफिकना माहीत नव्हतं. पाकिटाबरोबर आलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं मी सांगितलं, पाच दिवस. त्यांनी तो आकडा लिहिला आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

अम्मा शुद्धीवर असतात थोडा वेळ. मला बघितलं की तोंड भिंतीकडं करतात. काल घसा ओला करायला चमचा पुढं केला, तर ओठ मिटले.

दुवा कर.

आपा

---

पेठ वडगाव
१५ सप्टेंबर १९७४

आपा,

पाच दिवस नाही. पस्तीस दिवस.

डॉक्टरांनी पाच दिवसांच्याच लिहिल्या होत्या. संपल्या तेव्हा ज्ञानूकडून मी आणखी आणल्या, चिठ्ठी दाखवून, मग चिठ्ठी न दाखवता. दिवसाला तीन होत्या, मी पाच द्यायला लागले. कधी सहा. दुखत होतं म्हणून दिल्या असं मी तुला लिहू शकले असते. पण दुखत नसलं तरी दिल्या. त्या झोपल्या की मला बरं वाटायचं. घर गप्प असायचं, कुणी माझ्या नाकावरच्या पदराकडं बघत नसायचं, पट्टी करताना त्या ग्लानीत असायच्या आणि मला त्यांच्या डोळ्यांना डोळे द्यावे लागायचे नाहीत.

तू लिहिलं होतंस, सांगितले तेवढेच दिवस. मी ते वाचलं, पत्र घडी करून ठेवलं आणि संध्याकाळी गोळ्या दिल्या.

त्या पुवाची मला आली नाही एवढी किळस आता मला माझी येते. तो धुऊन जात होता.

मलिकाच्या अब्बांना माहीत नाही. डॉक्टरांना सांग. काय सांगायचं ते सांग.

शहाजादी

---

कोल्हापूर
२१ सप्टेंबर १९७४

प्रिय शहाजादी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले, मुख्यतः कंपाउंडरवर. मग म्हणाले, कुणाला पाच गोळ्यांतही हे होतं आणि कुणी वर्षभर घेऊन ठणठणीत असतो. पण जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. यातलं अर्धंच सांगून मी तुझं समाधान करणार नाही.

आता पुढचं. बुधवारी अम्मांचा ताप उतरला. गुरुवारी रक्तात कोवळ्या पेशी दिसल्या, आज एकूण अडीच हजार. काल दुपारी टाच पुन्हा लाल झाली, सुजली, आणि संध्याकाळी पू आला. भरपूर. अंबूबाई म्हणून आया आहे, वीस वर्षं दवाखान्यात काढलेली, तीसुद्धा "अगं बया" म्हणत बाहेर गेली. माझा रोजा होता, रिकाम्या पोटी तो वास डोक्यात चढला. मोरीत जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढून आले, आणि थेंब काचेवर घेतला. पेशी आल्यात. पहिल्याच नजरेत एक सापडली, चार जंतू पोटात घेतलेली. मी कुणाला बोलावलं नाही. एकटीच बघत बसले. शिसारी तीच होती, आणि मी रडत होते.

ताप चढलेला होता तेव्हाची एक गोष्ट राहिली. सोमवारी अम्मांची जीभ लाकडासारखी झाली होती, खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी चमचा धरला. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, बराच वेळ. मग तोंड उघडलं. पाणी गिळताना कळा आल्या, तरी आणखी मागितलं. माफी वगैरे काही नाही. मीही अपेक्षा केली नाही. काल जाताना मात्र म्हणाल्या, "रोज ह्ये बघतीस, जेवतीस कशी गं?" मी म्हटलं, "जेवते. भूक लागते." त्या म्हणाल्या, "लागू दे बाई."

गोळ्यांचं त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही. पण ती गोळी पुन्हा त्यांच्या पोटात गेली तर मरतील, हे त्यांना कळलंच पाहिजे, आणि कशामुळं ते त्या विचारल्याशिवाय राहणाऱ्या नाहीत.

आपा

---

पेठ वडगाव
२४ ऑक्टोबर १९७४

जुलेखा आपा,

सलाम. ईद साधीच झाली. अम्मांनी भिंतीला टेकून शिरखुर्मा खाल्ला. पाय अजून टेकवत नाहीत.

मी सांगितलं, ईदच्या दुसऱ्या दिवशी. मलिकाचे अब्बा दुकानात होते. अम्मा गव्हातले खडे काढत होत्या. गोळ्या किती दिल्या, किती दिवस दिल्या, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मला मारायचं हुतं व्हय?" मी म्हटलं, "न्हाई. तुम्ही गप्प बसावं असं वाटायचं." त्यांनी परात बाजूला ठेवली आणि तोंडावर चादर घेतली.

पाच दिवस बोलल्या नाहीत. माझ्या हातचं जेवल्या, पण माझ्याकडून पट्टी करून घेतली नाही. ते काम लेकावर पडलं. पहिल्या दिवशी ते कापूस हातात धरूनच परसात पळाले आणि बराच वेळ आत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ज्ञानूला बोलावू का म्हणाले. अम्मांनी नुसतं बघितलं, त्यांनी कापूस उचलला. आता ते मला विचारतात, तू महिनाभर हे कसं केलंस? गोळ्यांचं त्यांना अजून माहीत नाही. उत्तर अम्मांना माहीत आहे.

आज सकाळी मी पाणी उकळून ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. अम्मांनी हाक मारली. नाव घेऊन. मी आले तर त्यांनी पाय पाटावर ठेवला होता, पट्टी स्वतःच सोडली होती. आत अजून थोडा पू येतो, पातळ, पांढरट. मी बसले. कापूस घातला, फिरवला, काढला. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"किळस येती न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, "येते."

"मलाबी येती," त्या म्हणाल्या. "माझाच पाय, पर बघवत न्हाय मला." मग त्यांनी पाय आणखी पुढं सरकवला. "धू."

मी धुतला.

शहाजादी